उष्टा धोटा

आमच्या बेंगळूरच्या मराठी मंडळाचे संपादक तीन वर्षं माझ्या मागे होते. गिरणीतल्या आठवणी लिहा, दिवाळी अंकात छापू. यंदा मी हो म्हटलं, पण अट घातली की माझं नाव छापायचं नाही, गिरणीचंही नाही आणि माणसांची नावं मी बदलून देईन. ते हसले. म्हणाले, "अहो अण्णा, साचेच चालवलेत ना जन्मभर? काय चोरी केलीत का?" चोरी केली नाही. पण चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तसल्या चांदण्यात मी सगळी नोकरी काढली. ते कसं, हे सांगायचं तर आधी साचा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आताच्या मुलांनी कापड फक्त दुकानात पाहिलेलं असतं.

साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. उभे धागे ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा घेऊन एक लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो. होडीसारखा निमुळता, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि धाग्याचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढतात. कांडी काही मिनिटांत संपते. मग साचेवाल्याने नवी बसवायची, आणि धागा भोकातून काढायला सुई वापरायची नाही, वेळ जातो. भोकाला ओठ लावायचे आणि जोरात श्वास आत ओढायचा, की धागा टपकन तोंडात येतो. दिवसातून शेकडो वेळा हेच. प्रत्येकाकडे दोन साचे, आणि धोटे साच्याचे असतात, माणसाचे नव्हेत. सकाळच्या पाळीत मी ज्याला तोंड लावलं त्याला दुपारच्या पाळीत माझा जोडीदार तोंड लावणार. त्याने पान खाल्लंय की तंबाखू, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी जिभेवर कळायचं. आमच्या खात्यात सगळे सगळ्यांचं उष्टं खायचे आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. अट एवढीच होती की ते तोंड चालण्यासारख्या जातीचं हवं.

मी निपाणीकडचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. आमची जात कोणती ते इथे लिहीत नाही, वाचकाने ओळखावी. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. सातवीपर्यंत शिकून, हातमागावर थोडं काम करून मी बेंगळूरला आलो आणि गिरणीच्या दारात बदली कामगारांच्या रांगेत उभा राहिलो. बदली म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं काम. माणसं निवडायचे साचेखात्याचे मेस्त्री, म्हणजे मुकादम, जाधव. चार पिढ्या बेंगळुरात राहिलेलं मराठा घराणं. घरात मराठी, दारात कानडी, आणि दोन्ही मिळून तिसरीच एक भाषा बोलायचे. मी शेजारच्याशी मराठीत बोलताना त्यांनी ऐकलं आणि थांबले.

"आपला माणूस हाय की रे तू. कुठनं आलास?"

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. माझं आडनाव असं आहे की ते गावच्या पाटलाचंही असतं आणि आमच्या वस्तीतही असतं.

"सरी, सरी. ये आत. आमच्या गल्लीत खोली पण हाय, स्वल्प लहान हाय, चालंल न्हवं?"

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. कॉटनपेटेच्या बाजूच्या त्या गल्लीत सगळी मराठी घरं, बहुतेक त्यांच्याच नात्यातली. सहा महिन्यांत मी कायम झालो. मग गंगाला, माझ्या बायकोला, आणलं. रेल्वेतून उतरल्यावर घरी जाण्याआधी स्टेशनाच्या बाकावर बसवून मी तिला सांगितलं की इथे आपण कोण आहोत. तिने गाठोडं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "माझी आई आली तर?" मी म्हटलं, नाही यायची. आणि ती कधीच आली नाही. तिच्या आईचं कुंकू लावायचं वळण वेगळं, बोलणं वेगळं, देव वेगळे. गंगाने हळूहळू ते सगळं टाकलं आणि गल्लीतल्या बायकांचं उचललं. गल्लीत ती गंगाक्का झाली. हळदीकुंकवाला जायच्या आधी घरात बसून मनाशी वाक्यं घोकायची. मीही घोकायचो. जेवताना कोणाच्या ताटाकडे कसं बघायचं, कुणी रस्ता झाडणारा अंगाला लागला तर किती मागे सरायचं. मागे सरायचं ते मला फार चांगलं जमायचं, कारण लोक माझ्यापासून कसे सरतात ते मी लहानपणापासून पाहिलेलं होतं.

आता युनियन. युनियनच्या हॉलमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की कामगाराला जात नसते. पण कमिटी निवडायची वेळ आली की लग्नात पंगत बसवावी तशी बसवायची. साचेखात्यातून एक मराठा, एक तिगळ म्हणजे इकडचा माळी, एक तेलुगू बोलणारा, सूत कातायच्या रिंगखात्यातून दोन गौड म्हणजे इकडचे कुणबी, आणि ब्लो रूममधून कुणी नाही. ब्लो रूम म्हणजे जिथे कापसाच्या गाठी फोडून झोडपतात ती जागा. तिथे कापसाच्या धुळीत माणूस माणसाला दिसत नाही. आमच्यासारख्यांना गिरणीत काम मिळायचं ते तिथेच. त्यांची वर्गणी चालायची, मोर्चात त्यांचे घसे चालायचे. चहाला मात्र ते हॉलच्या पायरीवर बसायचे, कुणी सांगायला लागायचं नाही.

मला बरं लिहिता यायचं. मराठी, कानडी आणि कामापुरती इंग्रजी. म्हणून दोन-तीन वर्षांत मेस्त्रींनी मलाच साचेखात्याचा प्रतिनिधी केला. मराठ्याची खुर्ची मराठ्याला, असं ते म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी ती मूठ घेऊन व्यासपीठावर जाऊन बसलो. रात्री झोपेत काही बोललो तर, या भीतीने उन्हाळ्यातही खिडकी लावून झोपायचो.

आणि एक दिवस कँटीनमध्ये परसू दिसला.

परसू हा गंगाचा सख्खा मामेभाऊ. आमच्या लग्नात तो आणि मी एका ताटात जेवलो होतो. ब्लो रूमच्या लोकांसाठी कँटीनच्या टोकाला एक वेगळा बाक होता. परसू त्यावर बसून भाकरी खात होता, भुवयांवर कापूस. माझ्याबरोबर मेस्त्री होते. परसूने वर पाहिलं, मला ओळखलं, तोंड उघडलं. मग त्याने माझ्या हातातला पेला पाहिला, मेस्त्रींकडे पाहिलं, आणि पुन्हा भाकरी खायला लागला. त्या दिवशी मी साच्यावर तीन वेळा धागा तोडला.

रविवारी लालबागेत त्याची गाठ घेतली, तीही एका झाडाआड, जशी काही आम्ही दोघांनी कुणाचा खून केला होता.

"कशाला घाबरालास?" तो म्हणाला. "मी काय सांगणार न्हाय. गंगी बरी हाय न्हवं?"

"बरी आहे."

"तिला बघाय यायचं न्हाय मी, तेबी कळालंय मला." मग तो जरा खोकला. खोकला कोरडा होता. "एकच काम कर. तू युनियनात हाईस. मला तुमच्या साचेखात्यात घे. मला साचा येतोय. गावात हातमाग चालवलाय, हितं सुट्टीच्या येळी बघून बघून शिकालोय. त्या धुळीत माझी छाती फुटालीय रे. वरसा-दोन वरसात मी जातो बघ."

मी म्हटलं, बघतो. आणि मी खरोखर नुसतं बघत राहिलो. दोन वर्षं. कमिटीत एकदा विषय काढायचा ठरवून गेलो होतो, पण वर्गणीचा हिशोब वाचून परत आलो. ब्लो रूमच्या माणसाची बाजू तू का घेतोस, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार होतो? दुसऱ्या कुणी विषय काढला असता तर मी हात वर केला असता, अशी मी माझी समजूत घालायचो. दुसरा कुणी काढत नव्हता.

शेवटी परसूला साच्यावर आणलं ते विव्हिंग मास्तरांनी. विव्हिंग मास्तर म्हणजे सगळ्या साचेखात्याचे साहेब. मद्रासकडचे, ब्राह्मण, पण त्यांना उत्पादनापलीकडे देव नव्हता. त्या उन्हाळ्यात देवीची साथ होती, निम्मे साचे बंद. माझा दुपारच्या पाळीचा जोडीदारही अंथरुणाला खिळलेला. कुणीतरी मास्तरांना सांगितलं असेल की ब्लो रूममध्ये एक जण साचा चालवू शकतो. त्यांनी त्याला बोलावलं, रिकाम्या साच्यावर अर्धा तास चालवून घेतलं, आणि म्हणाले, उद्यापासून दुपारच्या पाळीला ये. साचे दिले ते माझे.

मला हे कळलं ते परसू समोर येऊन उभा राहिला तेव्हा. दुपारची पाळी बदलत होती. आमच्यात पद्धत अशी की साचा बंद करून हवाली करायचा नाही. जाणाऱ्याने बाजूला सरायचं आणि येणाऱ्याने चालत्या साच्याला हात घालायचा. खात्यात शेकडो साच्यांचा असा धडधडाट असतो की कानाला लागून ओरडलं तरी ऐकू येत नाही. आम्ही एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचतो. परसूने धुतलेला सदरा घातला होता. ओठांनी म्हणाला, "हे साचे." मी बाजूला झालो.

कांडी त्याच क्षणी संपली. परसूने धोटा काढला, नवी कांडी बसवली आणि भोकाला तोंड लावून धागा ओढला. सफाईने, पहिल्याच श्वासात. मला आत कुठेतरी अभिमान वाटला, हे खरं सांगतो.

पलीकडच्या साचेवाल्याने ते पाहिलं आणि आपला साचा बंद केला. मग त्याच्या पलीकडच्याने. आवाज एका बाजूने विझत गेला. इतकी वर्षं काम करून मी त्या खात्यात शांतता ऐकली नव्हती. साचे फिरवणाऱ्या वरच्या पट्ट्यांचा खरखराट तेवढा राहिला, आणि मग तोही थांबला. दोन्ही पाळ्यांची माणसं एकदम आत होती. सगळी माझ्या साच्याभोवती गोळा झाली. पुढे मेस्त्री.

"ब्लो रूमचा माणूस हाय हा," मेस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "ह्याचा धोटा उद्या सकाळी कोण तोंडात घेणार?"

कुणी तरी कानडीत म्हणालं, हा आत राहिला तर आम्ही बाहेर. मागून दोघा-तिघांच्या हातात साच्याचे दांडे दिसले. परसूने धोटा छातीशी धरला होता. ओठावर ओढलेला धागा तसाच चिकटलेला.

मास्तर आले. त्यांना जातीचं काही नवीन नव्हतं, पण साचे बंद पडलेले त्यांना बघवत नव्हते. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं आणि नजर माझ्यावर आणली.

"साचा तुमचा," ते मला कानडीत म्हणाले. "उद्या सकाळी हा धोटा तोंडात घेणार तुम्हीच. इथले प्रतिनिधीही तुम्हीच. तुमची हरकत नसेल तर ह्यांची कसली हरकत? घ्या धोटा. एक कांडी भरा, तोंडाने ओढा. म्हणजे संपलं. हा माणूस इथे राहील."

परसूने धोटा माझ्या हातात दिला. भोकापाशी ओला होता.

मला करायचं होतं ते एवढंच, की मी ज्याच्या ताटात जेवलो होतो त्याचा धोटा तोंडाला लावायचा. सगळ्या खात्यात ज्याला हे करताना काहीच वाटलं नसतं असा एकच माणूस होता, आणि धोटा त्याच्याच हातात होता. आणि नेमकी त्या सहजपणाचीच मला भीती वाटली. खऱ्या मराठ्याने हे केलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असतं, शिसारी, नाहीतर शिसारी गिळल्याचा मोठेपणा. माझ्या चेहऱ्यावर काय उमटेल? इतकी वर्षं घोकलेलं सगळं त्या क्षणी मला आठवेना. मेस्त्री माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, मी हा धोटा सहज ओठाला लावला की ते ओळखणार. आज नाही तर घरी जाऊन विचार करतील आणि ओळखणार. मग खोली, नोकरी, गंगा, पाळण्यातला मुलगा. त्यांच्या हातातल्या दांड्यांचं तर सोडाच. मी साच्याला टेकलो.

परसू माझ्याकडे बघत होता. त्याने एकच वाक्य बोलायचा अवकाश होता. हा माझा मेव्हणा आहे. तेवढ्याने सगळी बाजी फिरली असती. मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. ते उघडले. पुन्हा मिटले.

मी धोटा खाली फरशीवर ठेवला. हात धोतराला पुसला. आणि म्हणालो, "पाणी द्या कुणीतरी, हात धुतो."

पाणी मेस्त्रींनी स्वतः ओतलं.

मास्तरांनी खांदे पाडले आणि परसूला ब्लो रूममध्ये परत पाठवलं. तो धोटा कुणीतरी बॉयलरमध्ये टाकला. साचे सुरू झाले.

त्या आठवड्यात युनियनने मला कंपनीसाठी पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलेलं ते सर्वांत चांगलं पत्र, अजून मजकूर पाठ आहे. साचेखात्यातील भरती सेवाज्येष्ठतेने व्हावी, प्रशिक्षण न झालेल्या कामगारास साच्यावर नेमल्यास अपघाताचा संभव, खात्यातील बदली कामगारांच्या हक्कावर अतिक्रमण. दोन पानांच्या पत्रात जात हा शब्द एकदाही नव्हता. कंपनीने मागणी मान्य केली आणि हॉलमध्ये सभा झाली. कामगार एकजुटीचा विजय असो, अशा घोषणा झाल्या. मला हार घातला. पायरीवर ब्लो रूमची माणसं बसली होती, तीही घोषणा देत होती. परसू त्यांत नव्हता.

घरी गंगाला मी सांगितलं की मास्तरांनीच परत पाठवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटत राहिली. कुणाकडून तरी तिला खरं कळलं असणार, गल्लीत बायका बोलतातच. तिने ते मला कधी विचारलं नाही, आणि मीही बोललो नाही. मरेपर्यंत ती माझ्याशी नीट वागली, त्याचा मला जास्त त्रास झाला.

परसूने मला महिन्याभराने गिरणीच्या भिंतीपाशी गाठलं. मी आजूबाजूला पाहिलं, आधी ते केलं. तो म्हणाला, "बघू नकोस, कोण न्हाय."

मी म्हटलं, "परसू, तू बोलला नाहीस. तुझे उपकार..."

"तुझ्यासाठी गप बसलो न्हाय मी." तो खोकला थांबेपर्यंत थांबला. "बोललो असतो तर तुला हाणलं असतं, आणि मला काय साच्यावर ठेवलं असतं? दोघंबी गेलो असतो. आता एक तर आत हाय. तू तिथंच ऱ्हा. सोडून जायाचं न्हाय. रोज त्येंच्या तोंडात तुझं उष्टं जाऊ दे. म्हातारा होईस्तवर ऱ्हा."

मला वाटलं होतं तो शिव्या देईल. शिव्या मी सहन केल्या असत्या.

मी राहिलो. साठ साल उलटल्यावर नवे धोटे आले, त्यांना बाजूला खाच होती आणि धागा बोटाने अडकवला की झालं. तोंडाचं काम संपलं. मेस्त्रींनी पहिल्या धोट्याला कुंकू लावून नारळ फोडला, युनियनतर्फे भाषण मी केलं. वर्षाच्या आत ब्लो रूममधली चार माणसं साचेखात्यात आली. कुणी साचा बंद केला नाही आणि मला कुणी पत्र लिहायला सांगितलं नाही. परसू त्याआधीच गिरणी सोडून गावी गेला होता. तो वारल्याचं कार्ड आलं तेव्हा गंगाला सुतक होतं, पण कोणाचं ते गल्लीत सांगायचं कसं? त्याच संध्याकाळी मेस्त्रींच्या घरी तिला ओटीला बोलावलं होतं. ती नवं लुगडं नेसून गेली आणि वेळेवर परत आली.

मेस्त्री गेले, मास्तर गेले, गिरणीला टाळं लागलं. गंगाही गेली. ज्यांना मी भ्यायचो त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. मुलाचं लग्न त्याच्या ऑफिसातल्या ओळखीतून झालं, त्यात कुणी फार खोलात गेलं नाही. त्याला मी काही सांगितलेलं नाही. हा अंक तो वाचत नाही, त्याला मराठी वाचायचा कंटाळा आहे.

मागच्या महिन्यात नातीला स्थळ आलं, जाधव मेस्त्रींच्याच नात्यातलं. मुलगा चांगला आहे. बैठकीला त्यांच्याकडची एक वयस्कर बाई आली होती. चहा झाल्यावर तिने विचारलं, "अण्णा, तुमचं देवक काय?" लग्न जमवताना मराठ्यांत हे विचारतातच. प्रत्येक कुळाचं काही झाड, वेल नाहीतर पानं असतात, आणि दोन्हीकडे एकच निघालं तर लग्न होत नाही.

घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या समजुतीने हे माहीत असणारा घरात मीच उरलो होतो.

पंचपल्लव, मी म्हणालो. अडखळलो नाही. नात शेजारी बसली होती. तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. तिने ते खरं धरलं आणि विसरू नये म्हणून दोनदा पुटपुटून पाठ केलं.